मी. आणि भां.

सुरत, १२ जानेवारी १९९७

प्रिय योगेंद्र,

आशीर्वाद. सहा वर्षांनी मावसबहिणीची आठवण झाली ती शिंपल्यांमुळे, असं तुझं पत्र वाचून तुझे दाजी म्हणाले. मी म्हटलं, निमित्त काही का असेना. पण मीही तुला या सहा वर्षांत लिहिलेलं नाही, तेव्हा तक्रार करण्याचा हक्क मला नाही.

तू विचारलंस ते जमेल. कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना दाखवायला मी दरवर्षी गोड्या पाण्यातले शिंपले ठेवतेच. तुझे दाजी हिलाल सुटीच्या दिवशी कामरेजकडून घमेलंभर आणून देतात. पलसाण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये आठवडाभर कापड रंगवायचं आणि रविवारी बायकोसाठी चिखलात उतरायचं, असं ते येईल त्याला सांगतात.

तुला हवं तसं दोन टब मांडले आहेत. एकात वरच्या अंगाचं गोडं पाणी. कॉलेजच्या नळाला क्लोरीन फार, म्हणून नदीचं आणून भांड्यात दोन दिवस निवत ठेवते आणि मग वापरते. दुसऱ्यात तेच पाणी, पण त्यात सिंगणपोरच्या कॉजवेखालचं भरतीचं पाणी मिसळलेलं. कॉजवे झाल्यापासून आमच्या तापीचे दोन तुकडे झाले आहेत. वरच्या बाजूला प्यायचं पाणी, खाली समुद्र आत-बाहेर करतो. दोन्ही पाणी एका रिक्षात आणता येतं. रिक्षावाला मात्र कॅन पाहून नाक मुरडतो.

मचूळ पाण्यात घातल्यावर शिंपले पहिले काही दिवस तोंड उघडेनात. मग उघडले. कल्ल्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पक्ष्माभिका जवळजवळ थांबलेल्या. एरवी कल्ल्याच्या कडेने ते सूक्ष्म केस वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे हलत असतात. पाणी ओढणं, अन्न पुढे सरकवणं, सगळं त्यांच्यावर. कल्ल्यावर कार्मिनचा लाल कण टाकला तर तो जागीच बसून राहिला. आता, तिसऱ्या आठवड्यात, तो पुन्हा सरकू लागला आहे. म्हणजे त्यांनी त्या पाण्याशी काहीतरी जुळवून घेतलं. काय जुळवलं, तेच तुला मोजायचं आहे ना?

एक शंका. मी मुलांना शिकवते की पक्ष्माभिका हलते ती आतल्या नळ्यांमुळे. नळ्या एकमेकींवर सरकतात आणि केस वाकतो. मग वरच्या पडद्यातल्या मेदाला तू एवढं महत्त्व का देतोस? यंत्र आत आहे. पडदा नुसती खोळ आहे ना? पंधरा वर्षं मी फळ्यावर खोळ म्हणूनच काढत आले आहे. चुकत असेन तर सांग.

सुषमाला विचारलं म्हणून सांग.

तुझी
वत्सलाताई


पुणे, २ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,

सा. न.

खोळ म्हणालीस म्हणून तुझ्यावर रागावणार होतो, पण माझे गाइड सरही दहा वर्षांपूर्वी तेच म्हणत होते. एक जुना प्रयोग सांगतो. सौम्य साबणासारख्या द्रावणाने पक्ष्माभिकेचा पडदा विरघळवून टाकायचा. आतल्या नळ्या उघड्या पडतात. त्यांना इंधन द्यायचं, म्हणजे एटीपी. तरीही त्या हलतात! इथपर्यंत तुझं खरं. यंत्र आत आहे. पण आता त्यांना कुणी थांबवू शकत नाही, वेग बदलू शकत नाही, दिशा उलटवू शकत नाही. बाहेर काय चाललंय हे त्यांना कळतच नाही. कॅल्शियम केव्हा आत घ्यायचं, केव्हा नाही, हे पडदा ठरवतो. लगाम त्याच्याकडे आहे.

आणि तो पडदा मेदाचा आहे. फार पातळ झाला तर गळतो, फार घट्ट झाला तर त्यातल्या झडपा उघडमीट करेनात. तो नेमका किती घट्ट ठेवायचा हे पेशी त्यात कोलेस्टेरॉल कमी-जास्त करून सांभाळते. पक्ष्माभिकेचा पडदा पेशीच्या बाकीच्या पडद्याला जोडलेलाच असतो, तरी त्यातला मेद वेगळा. घर एकच, पण या खोलीचा स्वयंपाक वेगळा. सरांचं म्हणणं असं की खारं पाणी लागलं की प्राणी पडद्यात कोलेस्टेरॉल वाढवतो, पडदा आवळून घेतो. तुझे कण तिसऱ्या आठवड्यात सरकू लागले ते त्यामुळेच असणार. हैदराबादच्या परिषदेत त्यांनी हे मार्चमध्ये मांडायचं ठरवलं आहे. पुरावा मी द्यायचा आहे.

आता माझी गोष्ट. मी त्रेचाळीस वर्षांचा तांत्रिक सहायक आहे. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं आज मला "खैरनार, ती प्लेट झाली का?" असं विचारतात. पीएचडीची नोंदणी तीस जूनला संपते. एकदा वाढवून झाली, पुन्हा वाढणार नाही. चार प्रकरणं झाली आहेत, पाचवं तुझ्या शिंपल्यांचं. ते नसेल तर आधीच्या चारांना काही अर्थ नाही. सुषमा म्हणते, तुमची पीएचडी आणि आपल्या जिन्याचं प्लास्टर एकाच मुहूर्तावर होणार. मी हसतो. दरवेळी हसू येतंच असं नाही.

पक्ष्माभिका सुट्या करायची कृती सोबत लिहिली आहे. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये अर्क काढून काचेच्या बाटल्यांत पाठव. शाईने काही लिहू नकोस. क्लोरोफॉर्म सांडला की शाई पळते.

तुझा
योगेंद्र


सुरत, २३ फेब्रुवारी १९९७

प्रिय योगेंद्र,

लगामाचं मी वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो घोडो कोण?" उत्तर तू दे.

आमच्या ओळखीचे चिंधाभाऊ पुण्याला लग्नाला येत आहेत. त्यांच्याबरोबर बर्फाच्या थर्मासमध्ये चार बाटल्या पाठवते आहे. प्रत्येक पाण्याच्या दोन. शाई चालत नाही म्हणून शिसपेन्सिलीने चिठ्ठ्या लिहून दोऱ्याने गळ्याला बांधल्या आहेत. बाटल्या एवढाल्या, चिठ्ठ्या त्याहून लहान, म्हणून अक्षरंच लिहिली. दोनांवर मी., दोनांवर भां. तुला कळेलच.

चिंधाभाऊंनी थर्मास उघडून पाहिला आणि विचारलं, "यामा काय शे? दारू शे का?" मी म्हटलं, शिंपल्यांचे केस. त्यांनी झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "बहीन, पुनाना लोके आते केस बी मागाडाले लागनात?"

मचूळ पाण्यातले कण आता गोड्याइतकेच सरकतात. मी तीन वेगवेगळ्या शिंपल्यांवर पाहिलं. चौथा मेला, तो मोजला नाही. कळवायला हवं म्हणून कळवते.

तुझी
वत्सलाताई


पुणे, २५ मार्च १९९७

ती. ताईस,

सा. न.

निकाल आला. सर म्हणाले होते तस्साच! प्लेट आयोडीनच्या वाफेत धरली आणि कोलेस्टेरॉलचा ठिपका एका गटात इतका गडद उठला की मोजायच्या आधीच कळलं. मग मोजलंही, तीनदा. सर माझ्या टेबलापाशी स्वतः आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "खैरनार, छान," म्हणाले. हैदराबादेत त्यांनी तीच प्लेट दाखवली.

आकडे आत्ता लिहीत नाही. प्रकरण टाइप होतंय, तेच पाठवतो. आभारांच्या पानावर तुझं नाव दाजींच्या आधी आहे. दाजींना सांगू नकोस.

सुषमाने पेढे आणले. अजून काहीच झालेलं नाही म्हटलं तर म्हणाली, झाल्यावर पुन्हा आणीन.

तुझा
योगेंद्र


सुरत, ३ एप्रिल १९९७

प्रिय योगेंद्र,

तुझं पत्र मी तुझ्या दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं, आभारांच्या पानाची ओळ सोडून. ती त्यांनी नंतर स्वतः वाचली. म्हणाले, "चिखलमा मी उतरनू, नाव तुनं पयले!"

मला मनापासून बरं वाटलं. आपल्या घरात कुणाचं तरी काम पूर्ण होतंय. टब मोडले आहेत, उरलेले शिंपले नदीत सोडले. प्रकरणाची वाट पाहते. इंग्रजी असलं तरी तक्ते कळतात मला.

तुझी
वत्सलाताई


सुरत, ४ मे १९९७

प्रिय योगेंद्र,

प्रकरण मिळून चार दिवस झाले. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे, म्हणून आता सरळच लिहिते.

तक्ता तिसरा. त्यात 'सलाइन' या रकान्यात कोलेस्टेरॉल दीडपट दाखवलं आहे, आणि खाली बारीक अक्षरात बाटलीचा संकेत दिला आहे: मी. 'फ्रेश' या रकान्यात कमी, आणि संकेत: भां.

योगेंद्र, मी. म्हणजे मीठुं. गोडं पाणी. इथे गुजरातीत गोड्या पाण्याला मीठुं पाणी म्हणतात. नदीवर कॅन भरणारा रोज मला सांगतो, "बेन, आ मीठुं छे, ने नीचेनुं भांभरुं." भांभरुं म्हणजे मचूळ. भां. तेच.

तू मी. म्हणजे मिठाचं असं वाचलंस. तसं कुणीही वाचलं असतं. मग भां. चं तू काय केलंस, हे मला दोन दिवस कळेना. नंतर माझ्या जानेवारीतल्या पत्राची आठवण झाली. पाणी भांड्यात निवत ठेवते असं मी लिहिलं होतं. भां. म्हणजे भांड्यातलं, असंच ना?

लग्न होऊन इथे आल्याला बावीस वर्षं झाली. घरात अहिराणी, वर्गात गुजराती, तुला मराठी. यातला कोणता शब्द कुठला, हे मी लिहिताना पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

अर्थ असा की निकाल उलटा आहे. गोड्या पाण्यातल्या पक्ष्माभिकांच्या पडद्यात कोलेस्टेरॉल जास्त, मचूळ पाण्यातल्यांत कमी. सरांचं म्हणणं यातून सिद्ध होत नाही.

तू तक्ता बदलशील असं धरून चालते. पण तक्ता बदलला की बाकी काय काय बदलतं, हे मला माहीत आहे. म्हणून चार दिवस लागले.

वत्सलाताई


पुणे, ११ मे १९९७

ताई,

पत्र मिळालं. हो, भां. म्हणजे भांड्यातलंच वाचलं. शंकाही आली नाही.

सरांकडे गेलो. त्यांना हसू आलं आधी. मग म्हणाले, "तुमच्या बहिणीला पाण्याची चव कळते, ठीक आहे. पण बाटली भरताना चिठ्ठी चुकली नसेल कशावरून? निकाल सिद्धान्ताशी जुळतो, तुम्ही वाचलंत त्या अर्थाशी जुळतो, मग चूक वाचण्यात आहे की बांधण्यात?" अर्कात मीठ उरत नाही. बाटल्यांना विचारून काही कळणार नाही.

ते हैदराबादेत बोलून आले आहेत. उलटा निकाल असलेल्या प्रबंधावर ते सही करणार नाहीत. तसं म्हणाले नाहीत. चष्मा काढून पुसला फक्त. मी अकरा वर्षं तो चष्मा पाहतोय.

प्रबंध बाइंडरकडे जायला तयार आहे. मी तुला खोटं लिहायला सांगत नाही. एवढंच विचारतो: त्या दिवशी कोणत्या बाटलीला कोणती चिठ्ठी बांधली, हे तू शपथेवर सांगू शकतेस का? नसशील, तर तेवढंच लिहून पाठव. "खात्रीने सांगता येत नाही." चार शब्द. त्यात खोटं काही नाही. सरांना तेवढं पुरेल.

माझी मुलगी दहावीला आहे. काल तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, माझे पप्पा डॉक्टर होणार, इंजेक्शनवाले नाहीत, दुसरे. मी आतल्या खोलीत होतो.

योगेंद्र


सुरत, १९ मे १९९७

प्रिय योगेंद्र,

नाही. शपथेवर सांगू शकत नाही.

मी त्या दुपारचं सगळं आठवून पाहिलं. खिडकीजवळचं टेबल, दोऱ्याचं रीळ, मी नेहमी गोड्या पाण्याच्या बाटल्या आधी भरते. पण हे 'नेहमी' आहे. त्या दिवशी मी तसंच केलं, हे मला आठवत नाही. मला सवय आठवते, दिवस नाही. चिठ्ठी चुकली असेल असं मला वाटत नाही. पण वाटणं आणि माहीत असणं यांतला फरक मी मुलांना दरवर्षी शिकवते.

म्हणजे तुझे चार शब्द खरे आहेत. तरी मी ते लिहून पाठवत नाही. का, ते सांगण्याचा प्रयत्न करते. ही शंका तुझं पत्र येण्याआधी माझ्या मनात नव्हती. तू मागितलीस तेव्हा मी ती शोधून काढली, आणि ती सापडली. कुठेही शोधली असती तर सापडली असती. ती तुला दिली तर सर तिचा उपयोग शंका म्हणून करणार नाहीत, खात्री म्हणून करतील. कदाचित माझं हे म्हणणंही निव्वळ अहंकार असेल. आपलं बरोबर ठरावं असं मलाही वाटतं. हे मी तपासून पाहिलं, आणि ते आहे. किती आहे ते मोजता आलं नाही.

म्हणून वेगळा मार्ग धरला आहे. तुला चार मेला पत्र टाकलं त्याच दिवशी, तुला पुन्हा मोजावंसं वाटेल म्हणून, हिलाल कामरेजहून नवे शिंपले घेऊन आले होते. कॉलेज सुटीमुळे बंद, तेव्हा टब आमच्या लिंबायतच्या घरी न्हाणीत आहेत, वर ओलं पोतं. आम्ही सगळे गच्चीवर आंघोळ करतो आहोत. शेजारच्या मंगलाबाईंनी येऊन विचारलं, "ताई, या शिजाडीसन खातस का निस्ता पायतस?" मी म्हटलं, निस्ता पाहतो. त्या म्हणाल्या, "तरीच तुम्ही इतल्या रोड शेत."

या वेळी बाटल्यांवर मी काही लिहिणार नाही. कोणत्या टबाचा अर्क कोणत्या बाटलीत गेला, त्याला एक ते चारपैकी कोणता आकडा दिला, हे फक्त हिलालना माहीत असेल. आकड्यांची नोंद ते पाकिटात बंद करून मंगलाबाईंकडे देतील. मी विचारणार नाही. त्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "बावीस वरीसमा पयलींदाव तू म्हनी रायनी, माले सांगू नका!"

तू मोज. निकाल मला कळव. मग पाकीट उघडेन. तो तुझ्या बाजूने गेला तर मी आनंदाने लिहून देईन की चिठ्ठी माझ्याकडून चुकली होती, आणि या वेळी ते खरं असेल.

गोड्या पाण्यात पडदा घट्ट का असावा, याचा मी थोडा विचार केला. शिंपल्याच्या अंगात पाण्यापेक्षा क्षार जास्त. गोडं पाणी सारखं आत शिरू पाहणार. तेव्हा आवळून धरायची गरज तिथेच जास्त नसेल का? हा माझा अंदाज. माझ्या बाजूचा आहे, म्हणून त्यावर फार विश्वास ठेवू नकोस.

बाटल्या दहा जूनच्या सुमारास निघतील.

ताई


पुणे, २९ जून १९९७

ती. ताईस,

सा. न.

बाटल्या बाराला मिळाल्या. दाजींचे आकडे इतके मोठे की चिठ्ठी बाटलीपेक्षा मोठी.

मोजलं. एक आणि चारमध्ये कोलेस्टेरॉल जास्त. दोन आणि तीनमध्ये कमी. फरक फेब्रुवारीइतकाच, प्लेट सोबत ठेवली आहे. सोळा तारखेला हे झालं. त्या दिवशीच तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. कारण सांगतो.

सोळाला रात्रभर नाही, पण संध्याकाळभर मी आकडे पुढे ठेवून बसलो आणि ठरवलं की तुझं पाकीट उघडू दे, मग बघू. निकाल माझ्या बाजूने गेला तर प्रबंध जसाच्या तसा द्यायचा. उलटा गेला तर सरांच्या पाया पडायचं, किंवा तुझ्या. दुसऱ्या दिवशी सुषमाने विचारलं, "मग तुम्ही काय ठरवलंत?" मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "यात तुम्ही काय ठरवलंत? हे तर शिंपल्यांनी ठरवायचंय."

म्हणून मी तुला आकडे न कळवता प्रबंध बाइंडरकडून परत आणला. तक्ता तिसरा तसाच ठेवला. त्यापुढे एक पान जोडलं. बाटल्यांवर काय लिहिलं होतं, ते मी काय वाचलं, लिहिणारीचा अर्थ काय होता, दोन्ही वाचनांत निकाल कसा उलटतो, आणि दुसरी मोजणी झाली असून तिचा अर्थ हे लिहीपर्यंत मला माहीत नाही. एवढंच. ते सरांपुढे ठेवलं.

सर म्हणाले, "खैरनार, हे पान लावलंत तर परीक्षक बाकीचं काही वाचणार नाही."

मी म्हटलं, "सर, हेच वाचायला हवं."

हे मी फार धीराने म्हटलं असं समजू नकोस. मध्येच खोकला आला.

त्यांनी सही केली नाही. रागावलेही नाहीत. "पाहा तुमचं," म्हणाले. उद्या तीस तारीख आहे, आणि प्रबंध माझ्या कपाटात आहे. मुलीला सांगितलं. तिने विचारलं, मग आता काय? मी म्हटलं, नोकरी आहे ती आहेच. ती म्हणाली, "ओके." आणि पुन्हा अभ्यासाला बसली. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं गेलं, आणि अवघडही.

आता तुझ्या पाकिटातून मला काही मिळायचं नाही आणि माझं काही जायचंही नाही. तरी उघड आणि लिही. मला जाणून घ्यायचं आहे.

तुझा
योगेंद्र


सुरत, ६ जुलै १९९७

प्रिय योगेंद्र,

तुझं पत्र काल आलं. मंगलाबाईंकडून पाकीट मागून आणलं. देताना म्हणाल्या, "महिनाभर मी हाई डबामा ठेयेल शे, कोर्टमा केस शे का तुमनी?" उघडलं ते हिलालसमोर आणि त्यांच्यासमोर.

एक आणि चार गोड्या पाण्यातल्या होत्या. दोन आणि तीन मचूळ.

म्हणजे पडदा गोड्या पाण्यातच घट्ट होतो, निदान या शिंपल्यांत, निदान दोनदा. आणि फेब्रुवारीत माझ्याकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली नव्हती.

हिलालनी विचारलं, "मंग कोन जितनं?" मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तीस तारखेपर्यंतचं सगळं. ते उठून न्हाणीतले टब रिकामे करू लागले.

तुला एक सांगायचं आहे, कारण तूही काही लपवलं नाहीस. पाकिटातले आकडे वाचले त्या क्षणी मला आनंद झाला. तुझं सगळं गेलं आहे हे मला ठाऊक होतं, तुझं पत्र मांडीवर होतं, तरी झाला. तुला लिहिताना तो वगळावा असं मनात आलं. मग वाटलं, की तो मुळात झालाच नव्हता असं लिहावं. पण तसा तो झाला होता. थोडाच वेळ होता. नंतर मी पुन्हा तुझं पत्र उचललं, आणि तू सरांसमोर खोकलास त्या ओळीपाशी थांबले. तिथून पुढे मला वाचता आलं नाही.

ताई